दूरचित्रवाणीवरील मानसशास्त्रीय प्रयोगांची विश्वासार्हता : पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

सामाजिक मानसशास्त्रातील 'आज्ञाधारकता' आणि 'समूहदाब' हे घटक शिकवताना आज अध्यापकाच्या हाताशी एक सोपा मार्ग आला आहे. पुस्तकातील आकडे फळ्यावर लिहिण्याऐवजी एखाद्या परदेशी कार्यक्रमाची दहा-पंधरा मिनिटांची चित्रफीत दाखवली की वर्ग एकदम जागा होतो. चित्रफितीत एक साधा, सज्जन दिसणारा माणूस असतो. आपल्या भोवतालची सगळी माणसे नट आहेत, याची त्याला कल्पना नसते. तासाभरात तो खोटे बोलतो, पुरावा लपवतो आणि अखेरीस एका अनोळखी माणसाला गच्चीवरून ढकलण्याच्या टोकावर येऊन उभा राहतो. तास संपतो आणि विद्यार्थी एकच वाक्य घेऊन बाहेर पडतात : कोणाकडूनही काहीही करवून घेता येते.

हे वाक्य खरे आहे का, आणि ज्या कार्यक्रमांतून ते निघते त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. या जिल्ह्यात दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साधी माणसे साध्या माणसांवर दगड फेकतात. ही घटना कोणा निर्मात्याने रचलेली नसते, तिच्यात नट नसतात आणि वाहणारे रक्त खरे असते. त्यामुळे पडद्यावरचा प्रयोग पारखून घेण्यासाठी येथील अध्यापकाजवळ जी कसोटी आहे, ती लंडनच्या किंवा पॅरिसच्या समीक्षकाजवळ नाही.

कार्यक्रमांची परंपरा

या सर्व कार्यक्रमांचे मूळ एकाच प्रयोगात सापडते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१-६२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात आज्ञाधारकतेचे प्रयोग केले. स्मरणशक्तीचा अभ्यास चालू आहे असे सांगून सहभागी व्यक्तीला 'शिक्षक' बनवले जाई. पलीकडच्या खोलीतील 'विद्यार्थी' चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला दाब वाढवायचा, असे काम असे. झटके खोटे होते आणि विद्यार्थी हा ठरवून बसवलेला माणूस होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. त्यानंतर १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात लुटुपुटूचा तुरुंग उभारला. दोन आठवड्यांसाठी ठरलेला हा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. या दोन प्रयोगांनी 'परिस्थिती माणसाला राक्षस बनवते' हा विचार जगभर नेला.

दूरचित्रवाणीने हा विचार उचलला तो साहजिकच त्यातील नाट्यामुळे. २००२ च्या मे महिन्यात बीबीसीने तुरुंगाच्या प्रयोगाची नवी आवृत्ती दाखवली. २००६ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वाहिनीवर डेरेन ब्राऊन या मनोरंजनकाराने 'द हाइस्ट' हा कार्यक्रम सादर केला. प्रेरणावर्गाच्या नावाखाली बोलावलेल्या लोकांमधून चौघे निवडले गेले आणि त्यांपैकी तिघांनी पैसे नेणाऱ्या रक्षकाला लुटण्याचे कृत्य केले. १७ मार्च २०१० रोजी फ्रान्स २ वाहिनीने 'मृत्यूचा खेळ' अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट दाखवला. त्यात मिलग्रॅमचा प्रयोग खोट्या बक्षीस-कार्यक्रमाच्या रूपात मांडला होता. प्रयोगशाळेतील पांढऱ्या कोटाच्या जागी निवेदिका होती आणि समोर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक होते. सुमारे ऐंशी टक्के सहभागी शेवटच्या झटक्यापर्यंत गेले. ब्राऊन यांचाच २०१६ चा कार्यक्रम पुढे २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द पुश' या नावाने जगभर पोचला. लेखाच्या आरंभी वर्णिलेली गच्ची त्यातलीच.

भारतीय प्रेक्षकाला या प्रकाराची ओळख वेगळ्या वाटेने झाली. रस्त्यावरच्या माणसाची फजिती करणारे कार्यक्रम, २००६ पासूनचा 'बिग बॉस', २००९ चा 'सच का सामना' आणि २०१८ पासूनचा मराठी 'बिग बॉस' यांनी 'दबावाखाली माणूस कसा वागतो' हे पाहण्याची सवय लावली. या कार्यक्रमांनी स्वतःला विज्ञान म्हणवून घेतले नाही. घरातल्या चोवीस तासांतून तासभर निवडून दाखवला जातो, हे त्यांच्या प्रेक्षकालाही ठाऊक असते. 'द पुश'सारख्या कार्यक्रमांची गोष्ट निराळी आहे. ते करमणूक म्हणून दाखवले जातात आणि पुरावा म्हणून लक्षात राहतात.

'विश्वासार्ह' या शब्दाचे तीन अर्थ

अशा कार्यक्रमांवरील चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर अडकते : तो माणूस खरा होता की नट? वस्तुतः येथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. पहिला प्रश्न असा की, सहभागी व्यक्ती खरोखरच अनभिज्ञ होती काय? दुसरा असा की, तिने जे केले ते कार्यक्रमात सांगितलेल्या कारणामुळेच केले काय? आणि तिसरा असा की, तिने केले म्हणून कोणीही करील, असे म्हणता येते काय? पहिल्याचे उत्तर 'होय' मिळाले की प्रेक्षक उरलेल्या दोहोंनाही न विचारता 'होय' म्हणून मोकळा होतो. या कार्यक्रमांची खरी किमया ती हीच.

पहिल्या प्रश्नावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सहभागी लोक नट नव्हते, हे निर्मात्यांचे म्हणणे मान्य करून पुढे जाता येते. मात्र 'नट नव्हता' आणि 'त्याला सर्व खरे वाटत होते' यांत अंतर आहे. मिलग्रॅम यांनी आपल्या सहभागी व्यक्तींना नंतर प्रश्नावली पाठवली होती. झटके खरेच बसत आहेत याची आपल्याला पूर्ण खात्री होती, असे उत्तर देणारे निम्म्यांहून थोडेसेच अधिक होते. उरलेल्यांच्या मनात कमीअधिक शंका होती. जीना पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मिलग्रॅमच्या दप्तरातील कागद तपासून असे दाखवले की, ज्यांना झटके खरे वाटले ते अर्ध्यावर थांबण्याची शक्यता अधिक होती. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. शेवटपर्यंत जाणाऱ्यांतील काही जण क्रूर किंवा दुबळे नव्हते, त्यांनी फक्त नाटक ओळखले होते. विद्यापीठाच्या बंद खोलीत ही शंका येत असेल, तर एकामागून एक अघटित प्रसंग घडत जाणाऱ्या आलिशान समारंभात ती येणार नाही, असे कसे म्हणावे?

निवड आणि संकलन

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खुद्द 'द पुश'मध्येच दडलेले आहे, परंतु कार्यक्रम ते वेगाने ओलांडून जातो. आरंभी इच्छुकांची चाचणी दाखवली आहे. आधीपासून बसवलेली माणसे घंटा वाजली की उभी राहतात, पुन्हा वाजली की बसतात. नवा माणूस काही कारण नसताना त्यांचे अनुकरण करतो का, हे पाहिले जाते आणि अनुकरण करणाऱ्यांतूनच पुढची निवड होते. म्हणजे जे लोक सहज मान डोलावतात तेच आत घेतले गेले आणि मग माणसे कशी मान डोलावतात हे सिद्ध केले गेले. शाळेत उंच मुले निवडून सरासरी उंची काढण्यासारखेच हे आहे.

तरीही मुख्य सहभागी व्यक्तीने गच्चीवर नकार दिला, ही बाब लक्षणीय आहे. निवडून घेतलेला, तासभर पायरी पायरीने खाली आणलेला, भेदरलेला तो माणूस शेवटच्या क्षणी ढकलण्यास तयार झाला नाही. येथे कार्यक्रम संपला असता तर त्याचा अर्थ अगदी उलट झाला असता. परंतु लगेच सांगितले जाते की, आणखी तिघांना याच प्रसंगातून नेले होते आणि त्या तिघांनीही ढकलले. ज्याने नकार दिला त्याचा प्रवास प्रेक्षकाने जवळजवळ पूर्ण पाहिलेला असतो. ज्यांनी ढकलले त्यांची केवळ काही क्षणांची दृश्ये दिसतात. ते कोणत्या पायरीवर अडखळले, त्यांना काय सांगितले गेले, त्यांना काही संशय आला का, हे कळत नाही. सिद्धान्त उभा आहे तो न दाखवलेल्या तिघांवर, आणि प्रेक्षकाची खात्री पटते ती दाखवलेल्या एकामुळे.

सर्वच कार्यक्रमांना एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. बीबीसीच्या २००२ च्या प्रयोगाची आखणी ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन राइकर या दोन मानसशास्त्रज्ञांनी केली होती. प्रयोग थांबवण्याचा अधिकार असलेली स्वतंत्र नीतिसमिती होती आणि निष्कर्ष पुढे संशोधनपत्रिकेत परीक्षणासाठी ठेवले गेले. त्यात पहारेकरी राक्षस झाले नाहीत. उलट त्यांना आपली भूमिकाच स्वीकारता येईना आणि एकजूट झालेल्या कैद्यांनी व्यवस्था उलथवली. स्टॅनफर्डच्या मूळ प्रयोगाबाबतही २०१८ मध्ये थिबो ल टेक्सिए यांनी दप्तर धुंडाळून दाखवले की, पहारेकऱ्यांनी कठोर व्हावे यासाठी त्यांना संशोधकांकडूनच समजावले गेले होते. परिस्थितीने आपोआप राक्षस घडवले, ही कथा तितकीशी खरी नव्हती.

फ्रान्समधील कार्यक्रमातही एक बोलका भाग आहे. काही सहभागी व्यक्तींच्या बाबतीत निवेदिका आरंभीच्या सूचना देऊन मंचावरून निघून गेली. तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण खूपच घसरले. मिलग्रॅम यांच्या प्रयोगमालेतही शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी पुढे जाण्यास नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. हे आकडे क्वचितच कोणाच्या लक्षात राहतात. ६५ टक्के आणि ८० टक्के हे आकडे मात्र सर्वांना पाठ असतात.

कारणाचा प्रश्न

दुसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. माणसाने कृत्य केले हे मान्य केले, तरी ते कशामुळे केले? कार्यक्रमांचे उत्तर ठरलेले आहे : एक कुशल सूत्रधार असतो, तो छोट्या पायऱ्या रचतो, अधिकाराचा स्वर लावतो आणि बिचारा माणूस नकळत घसरत जातो. या उत्तरात माणूस मातीचा गोळा आहे आणि सूत्रधार कुंभार.

हॅस्लम आणि राइकर यांनी मिलग्रॅमच्या प्रयोगांचे जे फेरवाचन केले ते याहून वेगळे आहे. मिलग्रॅमच्या प्रयोगात सहभागी व्यक्ती कचरली की चार ठरावीक वाक्ये क्रमाने म्हटली जात. त्यांतील शेवटचे वाक्य म्हणजे 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही' अशा अर्थाचा स्पष्ट हुकूम होता. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंशतः पुनरावृत्तीत हा हुकूम ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. नुसत्या हुकमाने माणसे बिथरली. 'प्रयोगासाठी हे आवश्यक आहे' असे सांगितल्यावर मात्र ती पुढे जात. याचा अर्थ असा की, लोक आंधळेपणाने आज्ञा पाळत नव्हते. आपण एका मोलाच्या कार्यात, म्हणजे विज्ञानाच्या कार्यात, सहभागी आहोत असे त्यांना वाटत होते. ते घसरत नव्हते, साथ देत होते.

'घसरणे' आणि 'साथ देणे' यांतील हा फरक पुस्तकात वाचून नीटसा पटत नाही. तो पटवून घेण्यासाठी जाम नदीच्या पात्राकडे वळणे इष्ट ठरेल.

जाम नदीचे पात्र

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. श्रावण अमावस्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, येथे गोटमार भरतो. जंगलातून आणलेले पळसाचे झाड नदीच्या मध्यभागी रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा होते आणि मग दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. झेंडा तोडून नेण्याचा प्रयत्न एका बाजूने होतो आणि दुसरी बाजू तो अडवते. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात आणि खेळ थांबतो. प्रथेचे मूळ सांगणाऱ्या कथांपैकी सर्वांत प्रचलित कथा पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमाची आहे. नदी ओलांडताना ते दोघे दोन्ही बाजूंच्या दगडांत सापडले, असे ती कथा सांगते.

दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. १९५५ पासून दहाहून अधिक मृत्यूंचा उल्लेख वृत्तपत्रांत येतो. कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात कायमचा अधू होतो. दगड मारणारा आणि दगड खाणारा यांची बोली एक, बाजार एक. पोळ्यासाठी दोघांनीही बैलांची खांदेमळणी केलेली असते. गोटमार संपल्यावर पुन्हा तेच दैनंदिन व्यवहार चालू होतात. साधा माणूस दुसऱ्या साध्या माणसाला इजा करू शकतो का, या प्रश्नाला याहून उघड उत्तर कोणत्याही वाहिनीला देता आलेले नाही.

आता कार्यक्रमांचा सिद्धान्त येथे लावून पाहावा. सूत्रधार कोठे आहे? नाही. फसवणूक कोठे आहे? तीही नाही. नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाला दगड खरा आहे हे माहीत असते. छोट्या पायऱ्यांनी नकळत घसरत जाणेही येथे नाही, कारण तिथी पंचांगात छापलेली असते. ढोल, जयघोष, गर्दीचा आवेश यांचा वाटा निश्चितच असतो. दारूचाही उल्लेख बातम्यांत वारंवार येतो. परंतु या गोष्टी आगीला वारा घालतात, आग लावत नाहीत. माणूस नदीत उतरतो तो गावाचा म्हणून. आजोबा उतरले, वडील उतरले, झेंडा आपल्या काठाचा आहे, ही भावना घेऊन तो येतो. त्याच्या लेखी ते दुष्कृत्य नसून कर्तव्य असते. म्हणजेच तो साथ देत असतो.

त्याला मर्यादाही कळते. झेंडा निघाला की हात थांबतात. तो निघाला नाही तरी सायंकाळी दोन्ही बाजू आपसांत ठरवून खेळ संपवतात. भान हरपलेल्या जमावाला असे थांबता येत नाही. ज्या माणसाला संध्याकाळी थांबता येते, त्याला सकाळीही थांबता आले असते. येथेच या प्रकरणाचे खरे गांभीर्य आहे. 'लोकांना भुरळ पडते' हे स्पष्टीकरण स्वीकारले की जबाबदारी संपते. 'लोक समजून उमजून साथ देतात' हे स्पष्टीकरण स्वीकारले की जबाबदारी सुरू होते.

या दृष्टीने प्रशासनाच्या उपायांचा इतिहासही बोधप्रद आहे. एके काळी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवण्याचा प्रयोग झाला. लोकांनी चेंडू बाजूला टाकून दगड उचलले. साधन बदलले होते, पण त्यामागचा अर्थ तोच राहिला होता. आता दरवर्षी प्रतिबंधात्मक आदेश निघतात आणि त्याच वेळी काठावर रुग्णवाहिका, वैद्यकीय पथके आणि पोलिसांचा बंदोबस्तही सज्ज असतो. या पथकांनी अनेकांचे प्राण वाचवले असतील, त्यांची गरज नाकारता येणार नाही. तथापि लोकांपर्यंत दोन संदेश एकदम पोचतात. आदेश म्हणतो 'करू नका' आणि व्यवस्था म्हणते 'होणारच आहे'. लोक दुसरा संदेश ऐकतात. फ्रान्समध्ये निवेदिका मंचावर असताना खेळ चालू राहत होता, याची येथे आठवण व्हावी.

बदल होऊच शकत नाही, असेही नाही. सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपुरात याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुका निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या प्रथेत लोकांचा रोष, टिंगल आणि शिव्याशाप हे सारे पुतळ्यांच्या आणि बडग्यांच्या वाट्याला येते. तीच तिथी, तोच पोळा, तशीच गर्दी आणि तसाच जल्लोष. तेथे पुतळा जळतो, येथे डोके फुटते. माणसांच्या स्वभावात शंभर किलोमीटरवर एवढा फरक पडत नाही. फरक पडतो तो समाजाने त्या दिवशी कशाला मान्यता दिली आहे यामुळे.

कॅमेरा काय पाहतो

गोटमार आता पडद्यावरही आला आहे. वृत्तवाहिन्या त्याला 'खूनी खेल' म्हणतात. मोबाईलवर मिनिट-दोन मिनिटांच्या चित्रफिती फिरतात. सौंसरला घरी बसून त्या पाहणारा विद्यार्थी आणि लंडनमध्ये 'द पुश' पाहणारा प्रेक्षक यांना मिळणारे चित्र एकाच जातीचे असते : उंचावलेले हात, फुटलेले डोके, बेभान चेहरे. दगड न उचलणारी माणसे त्यात दिसत नाहीत. पांढुर्ण्यात अशी माणसे बहुसंख्य आहेत. दुकान बंद करून घरी बसणारे, मुलाला त्या दिवशी बाहेर न सोडणारे आईबाप, पट्ट्या बांधणारे हात, प्रथेला उघड विरोध करणारे नागरिक हे सर्व त्याच शहराचे रहिवासी आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही, कारण न फेकलेल्या दगडाचे छायाचित्र काढता येत नाही.

कार्यक्रमांतील नकाराचेही असेच होते. मिलग्रॅमच्या पहिल्या प्रयोगातील १४ जण थांबले, फ्रान्समधील प्रत्येक पाचातला एक थांबला, ब्राऊन यांच्या कार्यक्रमांत दोन्ही वेळी चौघांपैकी एक थांबला. ते कोणत्या बळावर थांबले, हा खरा संशोधनाचा प्रश्न होता. पडद्याने तो विचारला नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

या कार्यक्रमांच्या चित्रफिती वर्गात दाखवूच नयेत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. त्या दाखवाव्यात, परंतु पुरावा म्हणून न दाखवता चिकित्सेचा विषय म्हणून दाखवाव्यात. चित्रफीत संपल्यावर विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारता येतील. सहभागी व्यक्तींची निवड कशी झाली आणि कोणाला वगळले गेले? किती जणांवर प्रयोग झाला आणि प्रत्यक्षात किती जण सविस्तर दाखवले? दबाव नसता तर लोक कसे वागले असते, हे तपासण्याची काही सोय होती का? प्रयोगाची माहिती इतर अभ्यासकांच्या परीक्षणासाठी खुली केली गेली का? ज्यांनी नकार दिला त्यांच्याविषयी कार्यक्रम काय सांगतो? या प्रश्नांना बीबीसीचा प्रयोग बऱ्याच अंशी उतरतो, फ्रान्सचा काही अंशी आणि 'द पुश' जवळजवळ उतरतच नाही.

नीतीचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. प्रयोगशाळेतील संशोधकाला नीतिसमितीपुढे जावे लागते. मिलग्रॅमच्या प्रयोगांनंतर हे नियम अधिक कडक झाले. आपण खून करू शकतो, हे एखाद्या माणसाला कॅमेऱ्यापुढे कळणे आणि मग ते जगाने पाहणे, याला त्याने नंतर दिलेली संमती पुरेशी आहे का, यावर विद्यार्थ्यांची चर्चा घडवून आणण्यासारखी आहे.

पांढुर्णा-सौंसर भागातील महाविद्यालयांना याहून पुढे जाता येईल. गोटमाराची एखादी चित्रफीत दाखवून तिच्या चौकटीबाहेर काय आहे, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. दगड न उचलणाऱ्या घरांत त्यामागची कारणे काय आहेत, याची नावे न घेता नोंद करावी. एखाद्या कुटुंबाने कोणत्या पिढीत नदीत उतरणे सोडले आणि का सोडले, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. अशा पन्नास नोंदी जमल्या तरी परदेशी कार्यक्रमांपेक्षा अधिक भरवशाची सामग्री हाती येईल. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाकडे तिऱ्हाईताच्या नव्हे, तर जबाबदार माणसाच्या नजरेने पाहण्याची सवय लागेल.

समारोप

दूरचित्रवाणीवरील मानसशास्त्रीय प्रयोग विश्वासार्ह आहेत का, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यांतील माणसे खरी असू शकतात, त्यांची भीती खरी असू शकते, त्यांचे कृत्यही खरे असू शकते. परंतु निवडलेल्या मोजक्या माणसांवरून सर्वांविषयी काढलेला निष्कर्ष भरवशाचा नाही आणि कृत्याचे सर्व श्रेय सूत्रधाराला देणारे स्पष्टीकरण तर त्याहून कमी भरवशाचे आहे. माणूस इजा करू शकतो, हे सांगण्यासाठी या कार्यक्रमांची आवश्यकता नव्हती. जाम नदीचा काठ ते दरवर्षी सांगतो. तो काठ आणखीही एक गोष्ट सांगतो, जी या कार्यक्रमांना सांगता आली नाही : इजा करणाऱ्याला बहुधा कोणी फसवलेले नसते, त्याला मुभा मिळालेली असते. मुभा देणारे अनेक असतात आणि त्यांत काठावर उभे राहून पाहणारेही येतात.

'कोणाकडूनही काहीही करवून घेता येते' हे वाक्य घेऊन वर्गाबाहेर पडणारा विद्यार्थी पुढच्या पोळ्याला हात बांधून पाहत राहील. साथ देणारा माणूस साथ काढूनही घेऊ शकतो, हे समजलेला विद्यार्थी निदान एक दगड कमी करील. त्याला यांपैकी कोणते वाक्य द्यायचे, हे अध्यापकाच्या हाती आहे.